नारिंगी रंगामागे दडलेले काय?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर सामानतपासणीच्या पडद्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याला दिवसभर प्रामुख्याने तीन रंग दिसतात. पोलाद, तांबे यांसारखे धातू निळे दिसतात. काच, मीठ, ॲल्युमिनियम यांच्या आसपासचे पदार्थ हिरवे. आणि कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन या हलक्या मूलद्रव्यांनी बनलेले सारे काही नारिंगी. अमेरिकेतील लेकीकडे निघालेल्या आईच्या बॅगेतील बेसनाचे लाडू नारिंगी असतात, साबणाच्या वड्या नारिंगी असतात, पुस्तकांची चळतही नारिंगीच. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात गेली दोन-तीन वर्षे वारंवार सापडणारी हायड्रोपोनिक गांजाची निर्वात पाकिटे नारिंगी असतात. आणि प्लास्टिक स्फोटकाचा रंगही नेमका तोच असतो.

तपासणीच्या या साऱ्या व्यवस्थेचा कच्चा दुवा येथे आहे. यंत्र आकार दाखवते. पिस्तूल, सुरा, सोन्याची लगड ओळखण्यास तेवढे पुरते. परंतु अमली पदार्थ आणि स्फोटके यांना स्वतःचा आकार नसतो. त्यांना पुस्तकाचा, चॉकलेटच्या वडीचा किंवा बॅगेच्या अस्तराचा आकार देता येतो. तेव्हा प्रश्न ‘आत काय दिसते’ हा न राहता ‘आत कोणता पदार्थ आहे’ असा होतो. या प्रश्नाचे उत्तर द्रव नायट्रोजनच्या टाकीशिवाय, साध्या खोलीच्या तापमानाला देऊ शकणाऱ्या अर्धवाहक स्फटिकांवर जगात गेली तीन दशके काम चालू आहे. कॅडमियम टेल्युराइड आणि त्यात थोडे जस्त मिसळून बनणारे कॅडमियम झिंक टेल्युराइड ही त्यांतील प्रमुख नावे. ही सामग्री आता प्रयोगशाळेबाहेर पडली आहे. मात्र ती बाहेर पडत असतानाच तिच्या पुरवठ्याचे राजकारणही सुरू झाले, आणि म्हणून हा विषय केवळ विज्ञानाच्या पानावरचा राहिलेला नाही.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले, तेव्हापासून त्यांच्या वापराची मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. एका बाजूने किरण सोडायचे, दुसऱ्या बाजूस किती पोहोचले ते मोजायचे. विमानतळावरील प्रचलित यंत्रात हे मोजण्याचे काम असे स्फटिक करतात, जे क्ष-किरण पडताच मंद प्रकाश देतात. त्या प्रकाशाचे पुढे विजेच्या संकेतात रूपांतर होते. या पद्धतीत ठरावीक क्षणात जमा झालेली सगळी ऊर्जा एकत्र मोजली जाते. एसटीच्या कंडक्टरने दिवसाअखेर चामड्याची पिशवी नुसती तराजूत टाकावी आणि तिच्या वजनावरून हिशेब द्यावा, तसा हा प्रकार आहे. पिशवी जड आहे एवढे कळते, पण आत रुपये किती, दोनाची नाणी किती आणि पाचाची किती, ते कळत नाही. दुहेरी ऊर्जेच्या यंत्रात एकामागे एक असे दोन संवेदक ठेवतात. पुढचा मुख्यतः कमी ऊर्जेचे किरण टिपतो, मागचा अधिक ऊर्जेचे. पिशवी दोन तराजूंवर तोलण्यासारखेच हे. तीन रंग त्यातून येतात, त्याहून फारसे काही नाही.

अर्धवाहक संवेदक नाणी एकेक करून मोजतो. क्ष-किरणाचा एक कण, म्हणजे फोटॉन, स्फटिकात शिरला की आपली ऊर्जा इलेक्ट्रॉन मोकळे करण्यात खर्च करतो. कॅडमियम झिंक टेल्युराइडमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याच्या मागे राहणारी रिकामी जागा अशी एक जोडी निर्माण होण्यास साधारण ४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणजे ६० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन सुमारे १३ हजार जोड्या तयार करतो. स्फटिकाच्या दोन बाजूंना विद्युतदाब दिला की हा भार ओढला जाऊन विजेची एक ठिणगीएवढी लहर उमटते आणि त्या लहरीची उंची फोटॉनच्या ऊर्जेच्या प्रमाणात असते. मध्ये प्रकाशाचा टप्पा नाही, त्यामुळे त्या टप्प्यावर होणारी गळतीही नाही. कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले आणि कोणत्या ऊर्जेचे बॅगेतच अडकले, याचा संपूर्ण वर्णपट हाती येतो.

मग हे पूर्वीच का झाले नाही? झाले होते, पण गैरसोयीचे होते. सिलिकॉन हा अर्धवाहकांचा राजा असला तरी त्याचा अणुक्रमांक १४. एवढा हलका पदार्थ जोरकस क्ष-किरणांना अडवू शकत नाही. ते आरपार निघून जातात. जर्मेनियमचा अणुक्रमांक ३२. तो किरण अडवतो आणि ऊर्जा मोजण्यात त्याची बरोबरी आजही कोणी करू शकत नाही. परंतु त्याच्या ऊर्जापट्ट्यांमधील अंतर केवळ ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. खोलीतील साधी उष्णतासुद्धा त्याचे इलेक्ट्रॉन मोकळे करते आणि खरा संकेत त्या गोंगाटात बुडून जातो. म्हणून त्याला द्रव नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे लागते किंवा यांत्रिक शीतक जोडावा लागतो. चोवीस तास धावणाऱ्या सामानाच्या पट्ट्यावर हा लवाजमा सांभाळणे किती जिकिरीचे, हे वेगळे सांगायला नको. कॅडमियम आणि टेल्युरियम यांचे अणुक्रमांक ४८ आणि ५२. त्यांच्या संयुगात ते अंतर सुमारे दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. म्हणजे किरणांना अडवण्यास पुरेसे जड, आणि मुंबईच्या उकाड्यातही बऱ्यापैकी शांत.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा स्फटिक वाटतो तितका परका नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या वेधशाळेवरील एका उपकरणाचे नावच ‘कॅडमियम झिंक टेल्युराइड इमेजर’ आहे. त्याची उभारणी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने झाली आणि पुण्याच्या ‘आयुका’ने त्याच्या विदेचा भार उचलला. त्यात ६४ संवेदक आहेत, प्रत्येकात २५६ घटक. म्हणजे एकूण १६ हजार ३८४ सूक्ष्म डोळे. वेधशाळा पाच वर्षांसाठी आखलेली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये या उपकरणाने सहाशेवा गॅमा किरण स्फोट टिपला. त्याआधी २००८ च्या चांद्रयान-१ वरील एका वर्णपटमापकातही हाच पदार्थ होता. मुद्दा असा की, या संवेदकांशी कसे वागावे, त्यांचे लहरी स्वभाव कसे सांभाळावेत, याचे ज्ञान कुलाब्यात आणि गणेशखिंडीत गेली अनेक वर्षे आहे. ‘ॲस्ट्रोसॅट’साठीचे संवेदक मात्र इस्रायलमधील एका कंपनीकडून आणावे लागले होते. या तपशिलाकडे शेवटी पुन्हा यावे लागेल.

लहरी स्वभाव हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. मोकळा झालेला इलेक्ट्रॉन या स्फटिकात बऱ्यापैकी धावतो. त्याच्या मागची रिकामी जागा मात्र रखडते आणि वाटेत अडकून पडते. मग लहरीची उंची कमी भरते आणि पाचाचे नाणे चाराचे वाटते. टेल्युरियमचे सूक्ष्म कण स्फटिकात राहून जातात, तेही भार गिळतात. यावर उपाय म्हणून संवेदकाचे बारीक घटक पाडून केवळ इलेक्ट्रॉनचाच संकेत वाचण्याची युक्ती निघाली. परंतु घटक बारीक केले की एकाच फोटॉनचा भार दोन शेजाऱ्यांत वाटला जाऊ लागतो. शिवाय बॅगेमागे पडणारा किरणांचा मारा इतका दाट असतो की, एक लहर ओसरण्यापूर्वी दुसरी येते आणि दोन नाण्यांचे एकच नाणे होते. या प्रत्येक अडचणीवर विद्युत-मंडलांच्या रचनेतून तोडगे काढण्यात वर्षे गेली. वैद्यकीय क्षेत्राने येथे मोठा हातभार लावला, हे मान्य केले पाहिजे. सीमेन्सच्या फोटॉन मोजणाऱ्या सीटी यंत्रास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये मंजुरी दिली; त्याचा संवेदक कॅडमियम टेल्युराइडचा आहे. त्याच वर्षी कॅननने या स्फटिकांची निर्मिती करणारी कॅनडातील रेडलेन ही कंपनी विकत घेतली. रुग्णालयांकडून मागणी येऊ लागल्यावर हा व्यवसाय हौशी राहिला नाही.

आता वर्णपट हाती आल्यावर पदार्थ कसा ओळखायचा? यात दोन मार्ग आहेत आणि दोहोंची गल्लत होऊ देता कामा नये. पहिला मार्ग आरपार गेलेल्या किरणांचा. कमी ऊर्जेला पदार्थाचा अणुक्रमांक अधिक बोलतो, जास्त ऊर्जेला त्याची घनता. वर्णपटाचे पाच-सहा किंवा अधिक भाग पाडले की ही दोन मापे अधिक काटेकोरपणे सुटी करता येतात. सारे सेंद्रिय पदार्थ एकाच नारिंगी खणात कोंबण्याऐवजी त्या खणात कप्पे पडतात. टीएनटीची घनता १.६५, आरडीएक्सची १.८ च्या आसपास, पाण्याची १, फरक आहे. परंतु जगात घनता आणि अणुक्रमांक यांची जोडी जुळणारे पदार्थ शेकड्यांनी आहेत. कप्पे कितीही केले तरी प्रत्येकात एकाहून अधिक भाडेकरू राहतात.

दुसरा मार्ग विखुरलेल्या किरणांचा आहे, आणि प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते खरी ओळख पटवण्याची ताकद यातच आहे. स्फटिकातील अणूंच्या ओळींवरून क्ष-किरण ठरावीक कोनांत परावर्तित होतात, हे मॅक्स फॉन लावे आणि ब्रॅग पिता-पुत्र यांनी १९१२-१३ च्या सुमारास दाखवले. आरडीएक्स, हेरॉईन, साखर, मीठ यांच्या अणूंची मांडणी वेगवेगळी, म्हणून त्यांचा नमुनाही वेगळा, बोटांच्या ठशासारखा. कोन कायम ठेवून कोणत्या ऊर्जेचे किरण त्या दिशेने आले एवढे मोजले तरी हा ठसा मिळतो. अट एकच, संवेदकाला ऊर्जा नेमकी ओळखता आली पाहिजे. थंड केलेल्या जर्मेनियमवर चालणारी अशी यंत्रे पूर्वीच निघाली, पण महाग, नाजूक आणि संथ असल्याने ती सर्वदूर झाली नाहीत. खोलीच्या तापमानाचा संवेदक हीच अट कमी लवाजम्यात पूर्ण करतो. विखुरलेले किरण मुळात फार थोडे असतात, त्यामुळे पट्ट्यावरून सरकणाऱ्या प्रत्येक बॅगेची अशी तपासणी शक्य नाही. साधे यंत्र संशय घेईल, त्या संशयाच्या जागी हे यंत्र काही सेकंद थांबेल, अशी विभागणी व्यवहार्य आहे.

(येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची आठवण होणे साहजिक आहे. १९२८ च्या त्यांच्या शोधावर आधारलेली, हातात मावणारी लेसर उपकरणे जगभरचे सीमाशुल्क अधिकारी वापरतात आणि ती पदार्थ उत्तम ओळखतात. पण लेसरला पारदर्शक पाकीट लागते. पत्र्याच्या डब्यातले त्याला दिसत नाही.)

चुकीच्या संशयाची किंमत काय असते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतील बेकर्सफिल्डच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या बॅगेत शीतपेयाच्या बाटल्या सापडल्या. बॅग पुसून घेतलेल्या बोळ्याने स्फोटकाचा इशारा दिला आणि विमानतळ काही तास बंद ठेवण्यात आला. बाटल्यांत मध होता. गंमत अशी की, मधाची घनता १.४ च्या आसपास असते आणि तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडचीही जवळपास तेवढीच. म्हणजे घनता मोजणाऱ्या यंत्रासमोरही त्या मधाची बाजू फार भक्कम नव्हती.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा उल्लेख सहज केलेला नाही. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी अटलांटिकपार विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आणला, त्यात हाच पदार्थ शीतपेयाच्या बाटल्यांतून नेण्याचा बेत होता. तेव्हापासून हातातील सामानात शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली नेता येत नाही. पाणी आणि पेरॉक्साइड दोन्ही हायड्रोजन व ऑक्सिजन यांचेच. दुहेरी ऊर्जेच्या जुन्या यंत्राने त्यांत भेद करणे कठीण. नव्या त्रिमितीय सीटी यंत्रांमुळे हा नियम जाईल, असे युरोपात सांगितले गेले, काही विमानतळांनी तो शिथिलही केला. आणि १ सप्टेंबर २०२४ पासून युरोपियन कमिशनने त्या यंत्रांवरही शंभर मिलिलिटरची मर्यादा पुन्हा लादली. कारण तांत्रिक सांगण्यात आले. २०२५ मध्ये काही यंत्रांना पुन्हा मान्यता मिळाली. कोट्यवधी युरो खर्चून बसवलेल्या यंत्रांबाबत हे घडते, याचा अर्थ चित्र सुंदर असणे आणि पदार्थाची ओळख खात्रीची असणे या भिन्न गोष्टी आहेत. आपल्याकडे नागरी हवाई सुरक्षा यंत्रणेने मोठ्या विमानतळांना सीटी यंत्रे बसवण्यासाठी २०२३ अखेरची मुदत दिली होती. ती पाळली गेली नाही. या विलंबाचा दोष द्यावा तेवढा थोडा. पण युरोपचा अनुभव पाहता, काय विकत घ्यायचे याचा फेरविचार करण्यास मिळालेला अवधी म्हणूनही त्याकडे पाहता येईल.

मात्र या संवेदकाकडून भलत्या अपेक्षा ठेवणेही चूक ठरेल. अमली पदार्थांचे खरे मोठे साठे बॅगेतून येत नाहीत, कंटेनरमधून येतात. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले; कागदोपत्री ते अफगाणिस्तानातील शंखजिऱ्याचे खडे होते. पुढल्या वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या न्हावा शेवा बंदरातील प्रकरण तर अधिक बोलके. सुमारे वीस टन ज्येष्ठमधाच्या मुळ्यांवर हेरॉईनचा लेप देण्यात आला होता. दिल्ली पोलिसांच्या विशेष शाखेच्या हिशेबाने त्यातील हेरॉईन ३४५ किलो, म्हणजे मालाच्या दोन टक्क्यांहून कमी. कंटेनरच्या पोलादी भिंतीतून आणि टनावारी मालातून आरपार जाण्यासाठी लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण लागतात. त्या ऊर्जेला एक-दोन मिलिमीटर जाडीचा हा स्फटिक निष्प्रभ ठरतो, आणि मुळीवरचा लेप तर कोणत्याही किरणाच्या नजरेस पडणार नाही. तो सापडला तो अटकेतील संशयितांच्या चौकशीतून. बंदरासाठी खबऱ्या आणि कुत्रा यांना अद्याप पर्याय नाही. या स्फटिकाची जागा हातातली बॅग, बाटली, कुरिअरची पाकिटे आणि परदेशी टपालाची पार्सले ही आहे. अलीकडे तस्करीची लहान-लहान पुडकी याच वाटेने येतात, म्हणून ती जागाही लहान नाही.

बंदरात त्याला एक वेगळे काम मात्र आहे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतील भंगारबाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेल्या उपकरणातील कोबाल्ट-६० उघडे पडले आणि किरणोत्साराने एकाचा बळी गेला. प्रवेशद्वारावरचा साधा मापक किरणोत्सार आहे एवढे ओरडून सांगतो. तो केळ्यांतील वा खतातील पोटॅशियमचा की कोबाल्टचा, हे सांगू शकत नाही. पोटॅशियम-४० चा गॅमा किरण १४६१ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, कोबाल्टचे ११७३ आणि १३३२ चे. जाड कॅडमियम झिंक टेल्युराइड बसवलेले, हातात धरण्याजोगे उपकरण हा भेद जागेवर करते आणि खताचा ट्रक निष्कारण अडकून पडत नाही.

आता पुरवठ्याकडे वळू. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी, अमेरिकेचे नवे आयातशुल्क लागू होताच, चीनने पाच धातूंच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. टंगस्टन, मॉलिब्डेनम, बिस्मथ, इंडियम यांच्यासह त्यात टेल्युरियम होते. वृत्तपत्रांनी पाच धातूंची नावे छापली. आदेशातील तपशिलाकडे फारसे लक्ष गेले नाही. त्यात कॅडमियम टेल्युराइड आणि कॅडमियम झिंक टेल्युराइड यांची नावे स्वतंत्रपणे आहेत. कारण उघड आहे. क्षेपणास्त्रांच्या आणि रात्री पाहणाऱ्या दुर्बिणींच्या अवरक्त संवेदकांसाठी याच कुळातील स्फटिक लागतात. जर्मेनियमकडे परत जाऊ म्हणावे, तर त्यावरचे चिनी परवाने १ ऑगस्ट २०२३ पासूनचे. म्हणजे थंड वाट आणि उबदार वाट, दोन्ही नाक्यांवर पहारेकरी एकच.

टेल्युरियमची स्वतंत्र खाण जवळपास नसतेच; तांबे शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून ते मिळते, आणि कॅडमियम जस्ताच्या शुद्धीकरणातून. केंद्रीय खाण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये जाहीर केलेल्या तीस महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत टेल्युरियम, कॅडमियम आणि जर्मेनियम या तिघांचाही समावेश आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-मेट’ या सरकारी संस्थेच्या हैदराबाद केंद्रात अशा मूलद्रव्यांच्या अतिशुद्धीकरणावर काम झाले आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रकाश देणारे संवेदक-स्फटिक वाढवण्याचा जुना अनुभव आहे. दिल्लीत संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा अवरक्त संवेदकांसाठी याच कुळातील पदार्थांवर राबते. तुकडे सर्व आहेत, पण ते वेगवेगळ्या खात्यांच्या कपाटांत आहेत. या स्फटिकाची मुशीतील वाढ हजार अंशांहून अधिक तापमानाला आणि दिवसाला काही मिलिमीटर या गतीने होते. वाढलेल्या कांडीतील बराच भाग टाकून द्यावा लागतो. कोणताही खासगी उद्योजक ग्राहकाची हमी असल्याखेरीज या भानगडीत पडणार नाही. ब्रिटनमधील क्रोमेक ही कंपनी २००३ मध्ये डरहॅम विद्यापीठातून निघाली, तेव्हा तिला सुरक्षा यंत्रणांच्या कंत्राटांचा आधार मिळाला. आपल्याकडे ग्राहक तीन आहेत आणि तिन्ही सरकारी आहेत. विमानतळ सुरक्षा, सीमाशुल्क आणि संरक्षण यांनी आपली पुढील दहा वर्षांची गरज एकत्र मोजली तर ती एका कारखान्यास पुरेल की नाही, हा हिशेब आधी मांडायला हवा.

तोवर यंत्रे आयातच होणार आहेत आणि त्यात गैर काही नाही. निविदेत मात्र दोन गोष्टी विचारल्या पाहिजेत. संवेदक ऊर्जा एकत्र मोजतो की फोटॉन एकेक, आणि संवेदक निकामी झाल्यास बदली भाग कोणत्या देशाच्या परवान्यावर येणार. यंत्राच्या इशाऱ्यानंतर अधिकाऱ्याने काय करायचे, हेही लिखित असावे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखालील खटला शेवटी रासायनिक पृथक्करणाच्या अहवालावर उभा राहतो. पडद्यावरचा आलेख कितीही नेमका असला तरी तो बॅग उघडण्याचे कारण असतो, अटकेचा पुरावा नव्हे. नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो आणि अहवाल येईपर्यंत ज्याच्या बॅगेत पुडके सापडले तो कोठडीत असतो.